मुंबईत राहायला कुठला भाग बघावा? (ऑफिस बीकेसीला, घरात आई आणि शाळकरी मुलगी)

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. माझी नाशिकहून मुंबईला बदली झाली आहे, जूनपासून बीकेसीच्या (वांद्रे-कुर्ला संकुल) ऑफिसात रुजू व्हायचंय. नवऱ्याचं काम बहुतेक घरूनच चालतं, आठवड्यातून एखाद-दोनदा त्याला ऐरोलीला जावं लागेल. मुलगी पाचवीत जाईल. माझी आई आमच्याकडेच असते. वय ७२, गुडघे कुरकुरतात, पण संध्याकाळी फिरून आल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

घर विकत घ्यायचंय, पण लगेच नाही. माझा विचार असा की आधी एका भागात अकरा महिने भाड्याने राहावं, मग दुसऱ्या, आणि अंगवळणी पडेल तिथे घ्यावं. नवरा म्हणतो, असं केलं तर खोकी उघडायला आणि बांधायलाच आयुष्य जाईल. ऑफिसातले लोक फक्त "वेस्टर्न की सेंट्रल?" एवढंच विचारतात. मला हवंय ते त्यापुढचं. कुठले भाग बघू? आणि एखादा भाग राहायला कसा आहे हे तुम्ही कशावरून ओळखता?

विरारफास्ट
स्वागत! ऑफिसातल्यांना हसू नका, प्रश्न बरोबर आहे. :)

नकाशावर किलोमीटर मोजू नका, गाडी कुठून सुटते ते बघा. बोरिवली, ठाणे, डोंबिवली, बदलापूर इथून सुटणाऱ्या गाड्या आहेत, म्हणजे थोडं आधी पोचलात तर बसायला मिळण्याची आशा. त्याच मार्गावरच्या मधल्या स्टेशनात सकाळी आठ ते दहा नुसतं चढणं हे काम आहे. दुसरं, फास्ट गाडी थांबते का. हार्बर मार्गाला फास्ट गाड्याच नाहीत, त्यामुळे पनवेल-खारघरचं अंतर वेळेत जास्त पडतं.

बीकेसीसाठी पश्चिमेकडून वांद्रे, मध्य आणि हार्बरवरून कुर्ला. दोन्हीकडे उतरून पुढे रिक्षा किंवा बस, आणि कुर्ल्याच्या शेअर रिक्षाची सकाळची रांग हा वेगळा अध्याय. आता मेट्रो ३ मुळे चित्र बदललंय. आरे ते बीकेसी हा टप्पा ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाला, वर्षभरात कफ परेडपर्यंत गेली. बीकेसीला थेट स्टेशन आहे. म्हणून माझ्या मते आधी मेट्रो ३ ची स्टेशनं नकाशावर मांडा आणि तिथून मागे घर शोधा.

शिवाजीपार्की
मग दादर! मेट्रो ३ आहे, दादरहून बीकेसी तिसरं स्टेशन. वेस्टर्न आणि सेंट्रल दोन्ही पायाखाली. आईंना शिवाजी पार्कचा कट्टा आहे. बालमोहन, हिंदू कॉलनीत राजा शिवाजी, शाळांना तोटा नाही. विषय संपला.

चाफा
@शिवाजीपार्की, भाडं सांगायचं राहिलं का? :)

शिवाजीपार्की
ते पहिल्या प्रतिसादात सांगितलं तर माणूस दुसरा प्रतिसाद वाचत नाही.

मोरपीस
दादर मलाही आवडतं, पण एक गोष्ट सांगते. रिक्षा उपनगरातच चालतात, वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला शहरात येत नाहीत. दादरला गुडघेदुखीच्या बाईला डॉक्टरकडे न्यायचं, तर एवढ्याशा अंतराला टॅक्सी तयार होत नाही. ॲपवरून मागवायची तर आजींना फोनवरचं ते जमायला हवं. माझी सासू दादर सोडून मुलुंडला आल्यावर पहिल्याच आठवड्यात एकटी रिक्षा करून बँकेत जाऊन आली. तेव्हा तिचा चेहरा बघायला हवा होता.

मुलुंडकर_काका
मुलुंडचं नाव निघालं म्हणून लिहितो. गेली चाळीस वर्षं पूर्वेला राहतो, त्यामुळे पक्षपात गृहीत धरा.

या ताईंच्या गरजा वाचल्या तेव्हा मला पहिल्यांदा ऐरोलीचा पूल आठवला. मुलुंड पूर्वेहून खाडी ओलांडली की ऐरोली. २०२४ च्या ऑक्टोबरपासून मुंबईच्या पाचही नाक्यांवर लहान गाड्यांना टोल नाही, त्यात ऐरोलीचा नाकाही आला. म्हणजे यजमानांचं काम झालं. ताईंना कुर्ला गाठायचं, किंवा घाटकोपरला उतरून मेट्रो १ ने मरोळ नाका आणि तिथून मेट्रो ३ ने बीकेसी. दोनदा बदलावं लागतं, पण पावसात कोरडं पोचता.

मुलुंडचं पाणी मुंबई महापालिकेचं, आणि हद्द ओलांडली की ठाणे महापालिका. हा फरक नकाशावर एक रेघ आहे, नळाला मात्र मोठा आहे. पश्चिमेला रस्ते सरळ आखलेले, मागे नॅशनल पार्कचा डोंगर, कालिदास नाट्यमंदिर. पूर्व लहान, शांत, स्टेशनापासून बहुतेक ठिकाणी चालत जाता येतं. संध्याकाळी संभाजी मैदानाच्या बाजूला आमच्या वयाची मंडळी भरपूर असतात. आईंना ओळखी व्हायला वेळ लागणार नाही.

उणं काय? दोन्ही बाजूंना जुन्या इमारती पाडून टॉवर उठताहेत. धूळ आणि डंपर सोसावे लागतात. आणि मुलुंडहून दक्षिण मुंबई लांबच आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही.

खारघरचा_वारा
सगळे मुंबईतच का अडकलेत? नवी मुंबई बघा. ती वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची, शहर आखून बांधलंय. रुंद रस्ते, सेक्टरनिहाय बाजार, फुटपाथवर खरंच चालता येतं. पाणी नवी मुंबई महापालिकेच्या स्वतःच्या मोरबे धरणाचं. नेरुळ-सीवूड्सला राहिलात तर हिवाळ्यानंतर पाणथळीवर फ्लेमिंगो दिसतात. यजमानांना ऐरोली सोपी. मोठं घर मिळेल, आईंना स्वतंत्र खोली मिळेल. मुंबईत त्याच पैशात आजी आणि नात एका खोलीत.

विरारफास्ट
@खारघरचा_वारा, फुटपाथचं मान्य. पण मोरबेचं पाणी नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत, आणि खारघर त्या हद्दीत येत नाही, ते पनवेल महापालिकेत. वाशी, नेरुळ, बेलापूर असा फरक करून सांगा. शिवाय ताईंना रोज कुर्ला गाठायचंय, तेही हार्बरच्या स्लो गाडीने.

खारघरचा_वारा
मान्य. म्हणूनच नेरुळ-सीवूड्स म्हटलं. खारघरला हिरवाई आहे, पांडवकडा आहे, वारा आहे, आणि टँकरही आहेत.

तिसरा_मजला
मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते अजून कुणी लिहिलं नाही. घर पावसात बघा.

फेब्रुवारीत सगळी घरं छान असतात. जुलैत पश्चिमेकडच्या भिंतीला हात लावून बघा. पाऊस नैऋत्येकडून येतो, त्यामुळे त्या बाजूच्या खिडक्या, सज्जे आणि भिंती पाणी पितात. कपाटातल्या कपड्यांना वास येतो, भिंतीला पोपडे सुटतात. उघड्या बाजूच्या वरच्या मजल्यावर हे जास्त. एजंट कधी सांगणार नाही. रंग नवा असेल तर तो का दिला ते विचारा.

आणि रस्ता. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे, किंग्ज सर्कलचं गांधी मार्केट ही नावं दर पावसाळ्यात बातम्यांत येतात. पंप बसवले, भूमिगत टाक्या बांधल्या, काही ठिकाणी पूर्वीपेक्षा बरं आहे. पण तुमची गल्ली बातमीत येत नाही. ती गल्लीतल्या इस्त्रीवाल्याला विचारायची. "२६ जुलैला पाणी कुठवर आलं होतं?" असा प्रश्न केलात की लोक हाताने भिंतीवर उंची दाखवतात. २००५ च्या त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, मिठी नदीकाठचं कुर्ला-कलिना बुडालं होतं. एवढा पाऊस दरवर्षी पडत नाही, पण पाणी कुठून चढतं ती वाट बदलत नाही.

चाफा
@तिसरा_मजला, इस्त्रीवाल्यासाठी +१. त्याला सोसायटीतली भांडणंसुद्धा ठाऊक असतात.

माझी भर: "चेंबूर", "अंधेरी" असं नुसतं म्हणू नका. पूर्व की पश्चिम? रुळांच्या दोन बाजू म्हणजे दोन वेगळी गावं. मधला पूल बंद पडला की कळतं. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद केला आणि एक बाजू सुरू व्हायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. एवढा काळ पलीकडच्या शाळेत जाणाऱ्या मुलांनी काय केलं असेल? सायनचा पूल पाडला, प्रभादेवीचा पाडायला घेतला. म्हणून शाळा, डॉक्टर, भाजी आणि आईंची फिरायची जागा, चारही रुळांच्या एकाच बाजूला हवं. ऑफिस पलीकडे असलं तरी चालेल, तुम्ही जिन्याने ओलांडाल.

पार्ल्याची_सून
मग पार्ले पूर्व बघाच. पार्ले टिळक विद्यालय १९२१ चं, लोकमान्य सेवा संघ १९२३ चा, दीनानाथ नाट्यगृह, ग्रंथालय, सगळं पायी. बीकेसीला जायला हायवेच्या बाजूने रिक्षाने विमानतळ टी-१ चं मेट्रो स्टेशन गाठायचं, तिथून मोजकी स्टेशनं.

पार्ल्याच्या इमारती उंच नाहीत, याचं एक कारण विमानतळ. विमानांच्या वाटेखाली येणाऱ्या भागात उंचीवर मर्यादा आहे, त्यामुळे बऱ्याच जुन्या इमारतींचा पुनर्विकास रखडला. राहणाऱ्यांना त्याचा त्रास आहे, लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली इमारती अजून आहेत. पण त्यामुळेच आकाश दिसतं आणि गल्लीत सावली आहे.

भाडेकरू_अनुभवी
लिफ्ट नसलेली इमारत? गुडघे दुखणाऱ्या आईंसाठी? पार्ल्यावर माझंही प्रेम आहे, पण तळमजला किंवा लिफ्ट ही अट आधी घाला, भाग नंतर.

आता कामाचं.

१. करार लेखी आणि नोंदणीकृतच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी झाली नसेल आणि वाद उद्भवला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. घरबसल्या ऑनलाइन नोंदणी होते, त्यामुळे "कशाला त्या भानगडीत" म्हणणाऱ्या मालकापासून लांब राहा.

२. अकरा महिन्यांचीच सक्ती नाही. दोन-तीन वर्षांचाही करार होतो. मुलीची शाळा असताना दर अकरा महिन्यांनी दलाली, डिपॉझिट आणि ट्रक हे परवडत नाही.

३. इमारत पुनर्विकासाला जाणार आहे का ते विचारा. मालकाला नवं घर मिळतं, भाडेकरूला नोटीस. माझ्या बाबतीत मालकाने हे माहीत असून सांगितलं नव्हतं, ऐन परीक्षेच्या दिवसांत घर शोधावं लागलं. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर विशेष सभेचा विषय वाचा, सगळं कळतं.

४. मांसाहार, पाहुणे, कुत्रा-मांजर, जे असेल ते पहिल्याच फोनवर बोलून टाका. मराठी माणसाला मुंबईत मासे खातो म्हणून घर नाकारलं जातं, हे अजूनही होतं आणि त्याचा मला मनापासून राग आहे. पण चार घरं बघून झाल्यावर नकार ऐकण्यापेक्षा आधी ऐकलेला बरा.

मोगरा_६८
मी सहसा फक्त वाचते. आज लिहावंसं वाटलं कारण धाग्यातल्या आईंच्या जागी मी स्वतः आहे.

पाच वर्षांपूर्वी मुलासोबत घोडबंदर रोडच्या एका मोठ्या संकुलात राहायला गेले. घर देखणं. खाली हिरवळ, बाके, पोहण्याचा तलाव, मंदिरसुद्धा. मुलगा-सून सकाळी जायचे ते रात्री यायचे. दुपारी चार वाजता मी खाली उतरायचे आणि त्याच हिरवळीला त्याच फेऱ्या मारायचे. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की सर्व्हिस रोड आणि त्यापलीकडे घोडबंदर रोड, मेट्रोची कामं, ट्रक. भाजीसुद्धा फोनवर यायची. महिनेच्या महिने माझ्याशी बोलणारी बाहेरची माणसं म्हणजे सुरक्षारक्षक आणि लिफ्टमधली मुलं. कुणी वाईट वागलं नाही. सगळे आपापल्या दारामागे होते.

नंतर आम्ही ठाण्यातच नौपाड्याला आलो. घर लहान, इमारत जुनी, खाली दुकानं, गोंगाट. पण मी दळण आणायला जाते तेव्हा गिरणीवाला विचारतो, "काल दिसला नाहीत?" मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, १८९३ चं. मी तिथून पुस्तकं आणते. गडकरी रंगायतन जवळ, तलावपाळीला संध्याकाळी माणसं असतात. रोजच्या येण्याजाण्यात मुलाला पूर्वीपेक्षा सोपं झालं की अवघड, ते मी विचारलंही नाही, त्याने सांगितलंही नाही. पण दिवसातले दहा-बारा तास त्या जागेत मी काढते. तुम्ही घर बघायला जाल तेव्हा रविवारी जाऊ नका. कामाच्या दिवशी दुपारी जा, आईंना बरोबर न्या, आणि त्यांना एकटीला तासभर त्या गल्लीत सोडा. परत आल्यावर त्या कुणाशी बोलल्या ते विचारा.

गोदाकाठची
@मोगरा_६८ मावशी, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "या बाईंना विचार, त्या पुस्तकं कुठली वाचतात." :)

मोगरा_६८
सध्या प्रवासवर्णनं. त्यांना सांगा, भेटू.

विरारफास्ट
मावशी, प्रतिसाद मनाला लागला. तरी दुसरी बाजू मांडतो, रागावू नका. जो माणूस रोज चार तास प्रवासात घालवतो, तो घरी येऊन आईशी बोलायच्या अवस्थेत नसतो. मी विरारहून चर्चगेट अनेक वर्षं केलंय. विरार गाडीत बोरिवलीचा माणूस चढला तर त्याला उतरू देत नाहीत, अशी ख्याती आहे आणि ती खोटी नाही. त्या गर्दीतून आल्यावर माझ्या आईने विचारलेल्या साध्या प्रश्नांना मी हूं-हूं करायचो. प्रवास कमी केला तर त्याचा फायदा आजींनाही होतो.

मोगरा_६८
रागावते कशाला? बरोबरच आहे. दोन्ही जमेल असा भाग शोधायचा, म्हणून तर हा धागा.

रुळांवरची
डोंबिवलीचं कुणी नाव घेत नाही म्हणून मी घेते. गर्दी आहे, धूळ आहे, एमआयडीसी आहे, सगळं मान्य. पण गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा आमच्याकडून सुरू झाली, आता राज्यभर निघते. व्याख्यानं, गाण्याचे वर्ग, फुले नाट्यगृह. साधा नोकरदार स्वतःच्या घरात राहू शकतो असं हे गाव आहे, आणि ही गोष्ट लहान नाही.

चाफा
अवांतर: भाग ओळखायची माझी पद्धत म्हणजे नाट्यगृह. पार्ले-दीनानाथ, मुलुंड-कालिदास, ठाणे-गडकरी, बोरिवली-प्रबोधनकार, वाशी-विष्णुदास भावे, दादर-शिवाजी मंदिर. जिथे नाटक संपल्यावर रात्री बायका चालत घरी जातात, तो भाग मला राहण्याजोगा वाटतो.

मोरपीस
@चाफा, हे अवांतर नाही, हाच मुद्दा आहे. रात्री साडेदहाला गल्लीतून चालून बघणं मी प्रत्येक घरासाठी करते. दिवे आहेत का, मेडिकल उघडं आहे का, बायका दिसतात का.

बोरिवलीकर
बोरिवली-गोराई-चारकोपही नोंदवून ठेवा. चारकोप-गोराईची म्हाडाची वसाहत जागतिक बँकेच्या योजनेतून झाली, छोटे प्लॉट आणि मधे मोकळे चौक, त्यामुळे शेजार टिकून आहे. बीकेसी मात्र लांब. आणि हो, पूर्वेला नॅशनल पार्कच्या कडेला घर घेतलंत तर बिबट्याच्या बातम्यांची सवय करावी लागेल. माझी मुलगी शाळेत अभिमानाने सांगते.

चेंबूरची_सई
बीकेसीसाठी चेंबूरचा विचार कसा नाही केला कुणी? रेल्वेने कुर्ला दोन स्टेशनं, रस्त्याने सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता. झाडं आहेत, बंगल्यांच्या गल्ल्या अजून शिल्लक आहेत, बाजार चालत. ऐरोलीला जायला पूर्व द्रुतगती मार्ग. माहुलकडे रिफायनऱ्या आहेत, हिवाळ्यात हवा जड होते, दमा असेल तर जपून. स्टेशनाच्या उत्तरेकडचा भाग आणि माहुल रस्त्याकडचा भाग वेगळे बघा.

भाडेकरू_अनुभवी
आईंना दम्याचा त्रास आहे का, @गोदाकाठची?

गोदाकाठची
दमा नाही, पण हिवाळ्यात खोकला असतो. म्हणून चेंबूर यादीत ठेवलंय, खाली.

सगळ्यांचे प्रतिसाद नवऱ्यासोबत बसून वाचले. आता असं ठरतंय: सुरुवात मुलुंड पूर्वेपासून. ऐरोली पूल आणि रिक्षा हे दोन मुद्दे त्याला पटले, आईला मैदान पटलं. करार दोन वर्षांचा मागणार, म्हणजे मुलीची शाळा लगेच बदलावी लागणार नाही. पार्ल्याला लिफ्टवाली इमारत मिळाली तर तीही बघणार. दर अकरा महिन्यांनी भाग बदलायचा बेत सोडला. त्याऐवजी सुट्टीच्या दिवशी दुसरे भाग पायी फिरून बघू, नेरुळ आणि नौपाडा आधी.

पुढच्या बुधवारी आईला घेऊन मुलुंडला येतेय, दुपारी. घर बघण्याआधी तिला तासभर फिरू द्यायचंय. @मुलुंडकर_काका, पूर्वेला स्टेशनापासून सपाट रस्ता कुठला? आणि मधे बसायला जागा आहे का?

मुलुंडकर_काका
मुलुंड पूर्व बहुतेक सपाटच आहे, चढ पश्चिमेला डोंगराकडे. स्टेशनाचा जिना मात्र त्रासाचा, त्यामुळे ज्या टोकाला लिफ्ट आहे तिथूनच बाहेर या, आणि गाडीत बसण्याआधी ती चालू आहे का ते मला विचारा. मी सकाळी बघून कळवतो. दुपारी चारनंतर या, त्याआधी ऊन फार असतं. आमची मंडळी साडेचारला मैदानाजवळ जमतात, बायकांचा गट वेगळा बसतो. सौ. ला सांगून ठेवतो.

तिसरा_मजला
आणि जुलैत पुन्हा एकदा जा, सही करण्याआधी जमलं तर.

गोदाकाठची
रुजू जूनमध्ये व्हायचंय, जुलैपर्यंत थांबता येणार नाही. बुधवारी इस्त्रीवाल्याला विचारते.